मथायच्या साठ काठ्या

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतक्या पूर्वीची, की तेव्हा खाडीवर पूल तर नव्हताच, पण पूल हा शब्दसुद्धा आमच्या खारवडीत कुणी ऐकला नव्हता असं म्हणतात. मला ते खरं वाटत नाही, पण म्हणतात. ऐकायचं असेल तर नीट बसा, आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मध्येच ‘का’ विचारायचं नाही. या गोष्टीत जे काही बिघडलं ते त्या एका अक्षराने बिघडलं, आणि मी म्हातारी झाले तरी मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

तर खारवडी खाडीच्या या काठाला, आणि पेठ त्या काठाला. शिमगा झाला की आमच्या विहिरी मचूळ व्हायच्या, अजून होतात. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि तहान भागत नाही. गोडं पाणी पलीकडे, पेठेखालच्या झऱ्याला. होडी चालवावी तर ओहोटीला खाडीत पाणी नाही, नुसता चिखल. भरतीला पाणी आहे, पण ओढ अशी की होडी थेट समुद्रात. खाडीला वळसा घालून गेलं तर नऊ कोस. म्हणून बायका ओहोटीला घागरी घेऊन चिखलातूनच जायच्या. आणि हा चिखल रोज वेगळा. काल जिथे घट्ट होता तिथे आज माणूस कमरेपर्यंत रुतायचा, आणि रुतलेलं माणूस निघायच्या आधी भरती यायची. दरवर्षी एकदोन घागरी रिकाम्या वाहत काठाला लागायच्या. कुणाची ते घागरीच्या काठावरून ओळखायचे.

त्या वेळी मथी नावाची एक बाई, आता आम्ही तिला मथाय म्हणतो, गावाच्या टोकाला राहायची. तिसऱ्या आणि मुळे, म्हणजे चिखलातल्या खायच्या शिंपल्या, वेचून विकायची. लहानपणापासून चिखलात गेलेली, त्यामुळे तिच्या पायांना चिखल कळायचा. टाच टेकली की खाली काय आहे ते तिला समजायचं असं म्हणतात. पेठेतला रेडा कुठे रुतला होता, तेही ती सहा महिन्यांनी पायाने सांगायची, हे जरा अतीच झालं, पण म्हणतात.

एका सकाळी ओहोटी लागली तशी मथी तिवराच्या साठ काठ्या डोक्यावर घेऊन खाडीत उतरली. एक पाऊल चाचपायचं, एक काठी रोवायची, दहा पावलं, पुन्हा एक काठी. या काठापासून त्या काठापर्यंत वाट आखून झाली, तेव्हा ती बाजूला उभी राहिली. बायका काठ्यांच्या कडेने गेल्या, पाणी भरून आल्या. कुणाचा घोटासुद्धा बुडाला नाही. शेवटची बाई वर आली तशी मथी परत उतरली आणि सगळ्या काठ्या उपटून घेऊन आली. कारण उद्या चिखल बदलणार. आजची वाट उद्यापर्यंत राहिली तर तीच माणसाला बुडवणार.

दुसऱ्या दिवशी पुन्हा साठ काठ्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ताप असला तरी, तिच्या स्वतःच्या तिसऱ्या वेचायच्या राहिल्या तरी. कुणी नारळ दिला तर घ्यायची, नाही दिला तर आठवण करायची नाही. कुणी तोंड भरून कौतुक करायला लागलं की एवढंच म्हणायची, “चला, पाणी चढतंय.”

अशी अकरा वर्षं गेली. अकरा वर्षांत खाडीने एक माणूस घेतलं नाही. असं म्हणतात की तिची शेवटची काठी निघेपर्यंत भरती मुखाशी थांबून राहायची, आणि बगळे पुढे जाऊन बरोबर त्याच रेषेत उभे राहायचे. खारवडीत कुणी बुडालं नाही एवढं मात्र खरं, त्यावर कुणाचं दुमत नाही.

आता गावकराकडे येते. सुभाना गावकर म्हणजे गावकीचा प्रमुख. माणूस वाईट नव्हता हो. देवळाच्या एकवीस पायऱ्या त्याने स्वतःच्या खर्चाने बांधल्या. फक्त प्रत्येक पायरीवर स्वतःचं नाव कोरून घेतलं. एकवीस वेळा. म्हणजे देवाला जायचं तर एकवीस वेळा सुभानावर पाय ठेवून जायचं, हे त्याच्या लक्षात आलं नाही, आणि सांगायची कुणाची छाती नव्हती.

या सुभानाला मथी झोप लागू देईना. अकरा वर्षं एक बाई चिखल तुडवते आणि काही मागत नाही. मग तिला हवंय काय? तो पारावर बसून विचारायचा आणि लोक तोंडाला येईल ते सांगायचे. कुणी म्हणालं, नवस असेल. कुणी म्हणालं, तिचा नवरा खाडीत गेला म्हणून करते. लगेच दुसरा म्हणाला, गेला कसला, हिनेच ढकलला, म्हणून पाप फेडते. वास्तविक मथीचं लग्नच झालं नव्हतं, पण एकदा बोलायला बसल्यावर एवढं कोण बघतो. एकाने तर शपथेवर सांगितलं की चिखलात सोन्याची मूर्त आहे आणि काठ्या रोवायच्या निमित्ताने ती रोज चाचपते. त्यावर चार जण फावडी घेऊन गेले, कमरेपर्यंत रुतले, आणि त्यांना मथीनेच काढलं.

मग सरळ तिलाच विचारायला लागले. तिची उत्तरं ऐकून गाव आणखी चक्रावलं. एकीला म्हणाली, “चिखलात पाय गार राहतात.” दुसरीला म्हणाली, “तुम्ही ओळीने चालता ते बघायला आवडतं मला.” गुरवाला म्हणाली, “काल केलं होतं म्हणून आज केलं.” आणि खुद्द गावकराने विचारलं तेव्हा म्हणाली, “मला ठाऊक नाही बाबा. तुम्हाला कळलं तर सांगा.”

गावकराला वाटलं, ही आपली टर उडवतेय. त्याने देवाला कौल लावायचं ठरवलं. आमच्याकडे अडलं की देवाला विचारतात. काळ्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. कुणाची गाय कुठे गेली, सोयरीक करावी की नाही, असलं सगळं विचारतात आणि देव सांगतो. पण कुणाच्या मनात काय आहे ते आजवर कुणी देवाला विचारलं नव्हतं. सुभानाने विचारलं. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि म्हणाला, “बा महाराजा, मथी वाट आखते ती निर्मळ मनाने आखत असेल तर उजवी दे.”

पाकळ्या पडल्या नाहीत. दुपार झाली, पडल्या नाहीत. दुसरा दिवस, तिसरा दिवस, पाकळ्या सुकून गेल्या तरी पाषाणाला चिकटून. असं कधी झालं नव्हतं.

तेव्हा सुभाना गावासमोर उभा राहून म्हणाला, “देव सांगेपर्यंत मथीच्या वाटेवर कुणी पाय ठेवायचा नाही. ज्या वाटेचं कारण ठाऊक नाही ती कुठे नेईल याचा भरवसा काय?” आणि तुम्हाला सांगते, अकरा वर्षं ज्या वाटेने पाणी आणलं, ती वाट कुठे नेते हे प्रत्येक बाईला पाठ होतं. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. आजही मला याचा राग येतो.

गाव मचूळ पाणी प्यायला लागलं. पोरांची पोटं बिघडली. धडधाकट होते ते नऊ कोसांचा वळसा घालायला लागले. आणि मथी रोज काठाला येऊन काठ्यांच्या भाऱ्यावर बसून राहायची.

पुढचं ऐकून मला नेहमी वाईट वाटतं. गावाने नुसती वाट बंद केली असती तर मथीने सोसलं असतं. पण तो प्रश्न तिलाही लागला. आजवर तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता बसल्या बसल्या दुसरं काही सुचेना.

गावकराची सून अनशी तेव्हा पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते. मचूळ पाण्याने तिचे पाय सुजले होते. ती एकदा हळूहळू चालत काठाला आली आणि मथीजवळ बसली.

मथी म्हणाली, “अनशे, मला सापडलं. गेल्या वर्षी तू नवी नवरी होतीस. भरली घागर घेऊन वर चढलीस आणि मागे वळून माझ्याकडे बघून हसलीस. तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी जेवलेसुद्धा नाही. म्हणजे मी त्या बरं वाटण्यासाठी करते. तुमच्यासाठी करतच नाही. गावकर म्हणतो ते खोटं नाही.”

“बरं वाटलं तर काय बिघडलं?” अनशी म्हणाली.

“मग ती लबाडीच की गं.”

“मी पाणी भरते ते माझ्या तहानेसाठी,” अनशी म्हणाली. “पण घरात सगळे पितात. सासरे पहिले पितात.”

मथीला हे पटलं आणि नाहीही पटलं. ती एकटीच खाडीत उतरली. आज मनात काही येऊ द्यायचं नाही, बरं वाटू द्यायचं नाही, नुसत्या काठ्या रोवायच्या असं तिने ठरवलं. पण तिसऱ्या काठीलाच तिला वाटलं, बघा मी किती निर्मळ मनाने रोवतेय. ती उपटून तिने पुन्हा रोवली. मग वाटलं, बघा मी स्वतःला कशी पकडते. असं करता करता तिच्या पायांना चिखल कळेनासा झाला. आयुष्यात पहिल्यांदा मथी गुडघ्यापर्यंत रुतली. कशीबशी निघाली, काठ्या गोळा केल्या, आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती काठालाही येईना.

आणि चैत्रातली अमावास्या उजाडली. अमावास्येला ओहोटी खोल जाते आणि मागून भरती चवताळून येते. पहाटेच अनशीला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. आमच्या गावची सुईण त्याच वर्षी वारली होती. दुसरी सुईण पेठेत. नऊ कोस जाऊन तिला आणायचं तर जाणारा परत येईपर्यंत दिवस मावळला असता, आणि घरातल्या बायकांनी सांगून टाकलं होतं की अनशी दुपार बघणार नाही.

सुभाना गावकर मथीच्या दारात जाऊन उभा राहिला. सूर्य कासराभर वर आला होता आणि पाणी फिरलं होतं. त्याने हाक मारली. मथी दार उघडून म्हणाली, “माझ्याने होणार नाही. माझे पाय गेले. मी कशासाठी करते तेच मला ठाऊक नाही, मी तुम्हाला कुठे घेऊन जाऊ?”

सुभानाने हात जोडले. तो म्हणाला, “अनशी मरतेय.”

मथीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून तोच प्रश्न निघाला. सूड म्हणून नव्हे, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. “तुम्ही कशासाठी आलात, सुभानाबाबा?”

“सुनेसाठी,” तो म्हणाला. मग थांबला. मग म्हणाला, “नातवासाठी. घराला वारस हवा.” पुन्हा थांबला. “आणि मी वाट बंद केली, ती मेली तर गाव माझ्या तोंडावर थुंकेल, म्हणूनही आलो. आणि काल तिने मला पाण्याचा तांब्या दिला तेव्हा तिचे सुजलेले पाय दिसले, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. सगळंच आहे गं, मथे. त्यातलं कुठलं आधीचं ते माझं मलाच कळत नाही.”

कितीतरी दिवसांनी मथी हसली. म्हणाली, “अगोबाई, माझंही असंच आहे की. चला, पाणी चढतंय.”

तिने भारा डोक्यावर घेतला आणि खाडीत टाच टेकली. टाचेला खालचं सगळं कळलं. मथी पुढे, सुभाना मागे. ज्याने वाट बंद केली तोच तिच्या प्रत्येक काठीच्या कडेला पाय टाकत गेला. साठावी काठी पेठेच्या काठाला लागली. सुईणीचं घर तिथेच होतं. बाई म्हातारी आणि चांगली भरलेली, चिखलातून तिला पळता येईना, म्हणून गावकराने तिला पाठीवर घेतलं. गावकीचा प्रमुख सुईणीला पाठुंगळी घेऊन खाडीतून धावतोय हे दोन्ही काठांनी पाहिलं. असं म्हणतात की पाणी तेव्हा पोटरीला आलं होतं, पण प्रत्येक काठीभोवती टीचभर चिखल कोरडा होता, आणि सुईणीच्या लुगड्याचा काठ भिजला नाही. ती सुभानाच्या पाठीवर होती म्हणून भिजला नसेल, असं मी लहानपणी म्हटलं होतं, तर आजीने माझ्या पाठीत धपाटा घातला होता.

खारवडीचा काठ आला. सुईणीला उतरवलं, बायका तिला घेऊन धावल्या. मथी मात्र वळली आणि परत पाण्यात उतरायला लागली.

सुभाना म्हणाला, “राहू दे काठ्या.”

मथी म्हणाली, “उद्या कुणीतरी यांच्यावर भरवसा ठेवील.”

आणि ती उतरली. एकेक काठी उपटून डोक्यावरच्या भाऱ्यात खोचत निघाली. सुभाना एक क्षण उभा राहिला, मग घराकडे पळाला. काठावरच्या माणसांनी तिला खाडीच्या मध्यापर्यंत पाहिलं. पाणी कमरेला होतं, भारा वर दिसत होता. तेवढ्यात गावकराच्या घरातून मुलाच्या रडण्याचा आवाज आला आणि सगळ्यांनी त्या बाजूला पाहिलं. परत वळून पाहिलं तर खाडीत नुसतं पाणी होतं.

मथी पेठेला पोचली नाही. काठाला लागली नाही. काठ्यासुद्धा सापडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ओहोटीला लोक उतरले तर पेठेकडच्यासुद्धा सगळ्या काठ्या निघालेल्या, कशा ते कुणाला ठाऊक नाही, फक्त मधोमध एक उभी. आणि तिला दोन हिरवी पानं फुटली होती. आता तिथे तिवरांचं एवढं मोठं बेट आहे. भरतीला सगळी खाडी बुडते, ते बेट बुडत नाही. बुडालेलं कुणी पाहिलेलं नाही असं म्हणतात.

अनशी वाचली. मुलगी झाली, तिचं नाव मथुरा ठेवलं. बारशाच्या गडबडीत गुरवाला देवळाची आठवण झाली. जाऊन बघतो तर दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. आधी कुठली पडली ते कुणी पाहिलं नव्हतं. गुरव तिथेच कपाळाला हात लावून बसला.

सुभानाने देवळाच्या पायऱ्यांवरची आपली नावं छिन्नीने काढून टाकली. तिथे एकवीस खाचा राहिल्या. आता जो येतो तो विचारतो, इथे काय होतं, आणि आम्ही सांगतो, सुभाना गावकराचं नाव होतं. एवढं कुणी पूर्वी वाचतही नव्हतं. पुढे तो खूप म्हातारा झाला, आणि शेवटपर्यंत नातीचा हात धरून एकच बोलायचा. “त्या दिवशी मी तिला धरून थांबवलं नाही. ‘का’ विचारायचं सोडलं होतं म्हणून नाही थांबवलं, की मला घरी पळायची घाई होती म्हणून? मथुरे, तू सांग.” मथुरा त्याच्या पायांना तेल लावायची.

आता पूल झाला, नळ आले. तरी चैत्र अमावास्येला आमची खारवडी अजून खाडीत उतरते. एकोणसाठ घरं, साठ काठ्या. आणि काठी रोवताना आपण कशासाठी रोवतो ते मोठ्याने सांगायचं, खरं सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने हसायचं नाही. कुणी म्हणतं, सासूने पाठवलं म्हणून. कुणी म्हणतं, फोटोत यावं म्हणून. एक म्हणतो, निवडणुकीला उभं राहायचंय. एकजण गेल्या वर्षी म्हणाली, माझ्याच्याने दुसरं काही चांगलं झालं नाही, म्हणून. मी दरवर्षी सांगते, ही गोष्ट मला सांगायला मिळते आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसता, म्हणून. मग गुरव गाऱ्हाणं घालतो.

“बा देवा महाराजा, कुणी भीतीने रोवली असेल, कुणी नावासाठी रोवली असेल, कुणी मायेने रोवली असेल, आणि कुठलं आधीचं ते त्याचं त्यालाही कळलं नसेल, तरी वाट खरी निघू दे रे महाराजा.”

“व्हय महाराजा,” सगळा गाव म्हणतो.

शेवटची काठी मधोमध, तिवरांच्या बेटापाशी रोवतात. ती कुठल्याच घराची नसते. गुरव विचारतो, “ही कुणाची?” आम्ही म्हणतो, “मथायची.” मग तो विचारतो, “आणि ही का?”

सगळे गप्प उभे राहतात. भरतीचं पहिलं पाणी पायाला लागेपर्यंत कुणी बोलत नाही. ते लागलं की लहानमोठे सगळे एकदम म्हणतात, “चला, पाणी चढतंय.” आणि एकही काठी मागे न ठेवता आम्ही घरी येतो.